दोन किलोंच्या आत

"काटा दोन किलोंवर जाऊन बसलाय," स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याकडे बघत बायको म्हणाली. "आणि अजून तुमच्या गोळ्या राहिल्यात."

"गोळ्या खिशात घालतो."

"स्वेटर कुठाय?"

"अंगात घालतो."

"या उन्हाळ्यात?"

फोटोमास्तर बॅगेची चेन ओढायला लागले. अडतीस वर्षं लोकांना 'हलू नका, हसू नका' म्हणत पासपोर्टचे फोटो काढलेला हा माणूस, पण स्वतःची चोरी पकडली गेली की त्याला चेहरा सरळ ठेवता यायचा नाही.

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. आणि धाकट्या भावाचं घर नेमकं टेकडीवर. गाडी खालीच थांबते, वर चारशे अकरा पायऱ्या. एरवी मास्तर गेलेच नसते. नऊ वर्षं गेले नव्हते. पण परवा भावजयीचा फोन आला. "एकदा येऊन जा, मोठे भाऊजी," एवढंच म्हणाली आणि कशाला ते न सांगता ठेवून दिला.

"आपण भेटायला चाललोय की फोटो काढायला?" बायकोनं विचारलं.

"कॅमेरा नसला तर मी तिथं हातांचं काय करू?"

तिनं सरळ बॅग टेबलावर उलटी केली. कॅमेरा सहाशे ग्रॅम. आणि त्याच्याशेजारी, टॉवेलात गुंडाळलेली, एक किलो चारशे ग्रॅमची तोफ.

तोफ म्हणजे दोनशे मिलिमीटरची लेन्स. हिची नजर फार लांबची. एकदा हॉलच्या या टोकाला उभं राहून मास्तरांनी त्या टोकाच्या एका पाहुण्याचा फोटो काढला, तर त्याच्या चष्म्याच्या काचेत मास्तर स्वतः दिसत होते, आणि त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं. घरी येऊन बघितलं तर खरंच तुटलेलं! मग कपाटात अठ्ठावीसची होती. ती इतकी पसरट की एका शाळेचा ग्रुप फोटो काढला तर शेजारच्या शाळेची दोन पोरं त्यात आली, आणि त्यांच्या आयांनीही प्रती मागितल्या. राहिली पन्नासची. दोनशे ग्रॅम, मुठीत मावणारी. हिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. ती लांबचं जवळ आणत नाही की जवळचं लांब ढकलत नाही. चेहरा हवा असेल तर आपल्या पायांनी चालत जावं लागतं.

"तोफ घेऊन भावाकडे चाललात," बायको म्हणाली. "फाटकातूनच फोटो काढून परत यायचा विचार आहे की काय?"

मास्तरांनी टॉवेल उलगडला. तोफेच्या कडेला एक पोचा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

तो पोचा धाकट्यामुळे पडला होता. धाकटा वीस वर्षं मास्तरांचा दिवेवाला. फोटोच्या वेळी दिवा किंवा पांढरा पुठ्ठा धरून माणसांच्या तोंडावर उजेड पाडायचा, हे त्याचं काम. मास्तर नुसतं "अस्सा धर" म्हणायचे की धाकटा भिंतीतली खुंटी व्हायचा. एका लग्नात कुणीतरी त्याच्या हातावर कोट टांगून जेवायला गेलं, जेवून आलं आणि कोट घेऊन गेलं, तरी दिवा हलला नव्हता. आणि अशा माणसाच्या हातातून, नऊ वर्षांपूर्वी, भरल्या हॉलमध्ये तोफ निसटली आणि तीन पायऱ्या गडगडत गेली.

"पिऊन आलास काय रे?" मास्तर सगळ्यांदेखत ओरडले होते.

खोकल्याच्या औषधानंसुद्धा ज्याला चढायची, त्या माणसाला! धाकट्यानं लेन्स उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली, टेबलावर ठेवली, दिव्याच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि गेला. पुन्हा दुकानात आला नाही. मास्तरांनी बोलावलं नाही.

"जड आहे ती," बायको या वेळी हळू म्हणाली. "तुम्हाला नाही झेपायची आता."

मास्तरांनी तोफ पुन्हा गुंडाळून कपाटात ठेवली आणि कॅमेऱ्याला पन्नासची लावली. स्वेटर, गोळ्या, सगळं बसलं. काटा पावणेदोनच्या अलीकडेच थांबला.

पायऱ्यांवर ते अठरा वेळा बसले. शेवटी शेवटी तर पायऱ्याच खाली येत होत्या आणि मास्तर जागच्या जागी होते. वर पोचले तेव्हा दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. फाटकातून अंगण ओलांडायला वीस पावलं, तीही मास्तरांनी मोजून टाकली.

"आलास, दादा?" खुर्चीतून न उठता धाकटा म्हणाला. हात मांडीखाली दाबून बसला होता.

"आलो. पायऱ्या फार आहेत रे तुझ्या."

"हो. कमी करायला सांगितल्यात."

भावजयीनं चहा आणला. धाकट्याचा कप अर्धाच भरलेला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, तरी कप बशीवर कडकड वाजत राहिला.

"पूर्ण भरला की सांडतो," भावजय म्हणाली.

"कधीपासून हे?" बायकोनं विचारलं.

"झाली नऊएक वर्षं. आधी नुसती करंगळी हलायची. यांनी कुणाला कळूच दिलं नाही. मला वर्षानं कळलं. आता डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार."

मास्तरांच्या चहावर साय धरली. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी कॅमेरा काढला. बायको ओट्यावर सावलीत बसली होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. अर्धा चेहरा काळोखात. सवयीनं, मागे न बघताच, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जरा उजेड..."

आणि त्यांनी जीभ चावली.

पण खुर्ची करकरली होती. धाकटा उठला, कपांखालचा स्टीलचा ट्रे त्यानं घेतला, पाय ओढत उन्हात जाऊन उभा राहिला आणि ट्रे तिरका केला. वहिनीच्या गालावर उजेड पडला. पडला तो थरथरायला लागला, पाण्यावरचा हलावा तसा. धाकट्यानं डाव्या हातानं उजवं मनगट गच्च आवळलं. तरी उजेड हलतच होता.

"थांब हं, दादा. थांबेल आता. थांबला की घे."

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबायला कशाला हवाय," मास्तर म्हणाले. "अस्सा धर."

बटण दाबलं. धाकट्यानं ट्रे खाली केला नाही. मास्तरांनीही कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

"अहो, झाला ना?" डोळ्यांवर ऊन घेत बायकोनं विचारलं.

"नाही अजून," मास्तर म्हणाले. "हलू नकोस."