लाल झाकण, निळं झाकण

काकू गेली त्या वर्षी एगनॉग करायचं काम माझ्याकडे आलं. अंड्यांचे बलक, साखर, दूध, क्रीम आणि भरपूर रम. नाताळच्या सुट्ट्यांच्या दीड महिना आधी करून फ्रीजमध्ये मुरत ठेवायचं आणि सगळे जमले की प्यायचं. काकूची एक रीत होती. दरवर्षी जुन्यातलं वाटीभर राखायचं आणि नव्यात ओतायचं. "चव त्या वाटीत असते," ती म्हणायची.

तिच्या हातची शेवटची वाटी काकांनी छोट्या बाटलीत आणून दिली. देताना त्यांचा हात बाटलीवरून लवकर निघेना. "सांडू नकोस गं," एवढंच बोलले.

सांडलं नाही. पण चव वाटीत असते म्हणजे नक्की काय, हे मला तपासायचं होतं. म्हणून काकांना न विचारता मी दोन बरण्या केल्या. एकीत काकूची वाटी ओतली, दुसरीत तेवढंच नवं मिश्रण. पातळी मिलिमीटरपर्यंत सारखी. काकूच्या बरणीला लाल झाकण, दुसरीला निळं. वहीत नोंद केली.

काका यायच्या दिवशी फ्रीज उघडला, तर झाकणं लखलखत होती.

"आई, झाकणं कोणी काढली?"

"मी. किती चिकट झाली होती! धुतली, पुसली, लावली."

"कुठलं कुठल्या बरणीला?"

"अगं, दोन्ही एकाच मापाची. घट्ट बसली ना? मग झालं."

मी रंग पाहिला, वास घेतला. दाटपणा बघायला दोन चमचे उलटे धरून थेंब मोजले. काही फरक नाही. फरक पडू नये याची काळजी मीच तर घेतली होती. मग चव. तिसऱ्या चमच्याला वाटलं, डावीकडची काकूची. चौथ्याला वाटलं, उजवीकडची. सहाव्यानंतर निष्कर्ष काढण्याच्या अवस्थेत मी उरले नव्हते.

तेवढ्यात काका आले. लपवून काय करणार? सगळं सांगितलं.

त्यांनी दोन्ही बरण्या उजेडात धरून पाहिल्या. "म्हणजे एकीत ती आहे आणि एकीत नाही?"

"हो."

"आणि कुठल्या बरणीत, ते तुला माहीत नाही."

"इतकं शिकवलं हिला," आई म्हणाली.

"वहिनी, झाकणं तुम्ही धुतलीत," काका म्हणाले. आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

मी दोन पेले भरले. काकांनी डावीकडचा उचलला, एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. "हीच. शंकाच नको." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी उजवीकडचा घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "थांब. ही पण तिचीच वाटते." पुन्हा डावीकडचा. पुन्हा उजवीकडचा. "तिचं जायफळ जरा जास्त असायचं का गं? की कमी?"

मला सांगता येईना. त्यांनाही आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटलेली दिसली. पेला हातात तसाच राहिला.

"खरं सांग, तुला ठाऊक आहे ना? मला बरं वाटावं म्हणून तरी एकीकडे बोट दाखव."

मला दाखवता आलं असतं. अर्धी शक्यता तर बरोबर असण्याचीच होती. "नाही दाखवणार, काका. मला खरंच माहीत नाही."

मग त्यांनी आपली छोटी बाटली मागून घेतली. डाव्या बरणीतून अर्धी वाटी तिच्यात ओतली, उजव्या बरणीतून अर्धी. बूच लावून मला दिली. या वेळी हात लगेच निघाला.

"पुढच्या वर्षी हेच घाल. कुठल्या तरी अर्ध्यात असेलच ती."

तिचा अंश आता किती उरला असेल, याचा मी मनात हिशोब मांडला, आणि मध्येच सोडून दिला. बाटलीवर चिकटवायला कागद घेतला. "काय लिहू?"

"तारीख लिही," काका म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "आणि खाली लिही, झाकणाला हात लावू नये."