बैलबाजारातली लोकर

उखर्डूआबांना 'दुकान' हा शब्द येत नव्हता अशातला भाग नाही. गल्लीच्या टोकाला जी पानाची टपरी होती, जिच्यात धड माणूसही मावत नव्हता, तिलासुद्धा ते दुकानच म्हणायचे. पण त्यांच्या धाकट्या सुनेने, द्रौपदाबाईने, धुळ्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत जे मांडलं होतं त्याला मात्र ते 'पसारा' म्हणत. "तुना पसारा आवर वं, पाव्हना ई ऱ्हायनात," असं म्हणायचे आणि स्वतःच लोकरीच्या लडी पायाने बाजूला सारून खाटेवर बसायचे.

पसारा तसा देखणा होता. भिंतीला लोकरीच्या लडी टांगलेल्या, खाली डब्यांत मणी, टिकल्या, बिलोरी काचा, क्रोशाचा दोरा, भरतकामाचं रेशीम. द्रौपदाबाई भुसावळची, वडील रेल्वेत. लग्नाआधी तिने विणकामाचा वर्ग केला होता आणि तो तिच्या हातांतून काही गेला नव्हता. अडचण एवढीच, की गल्लीतल्या बायका पसारा पाहायला येत, रंग साडीला लावून बघत, "किती छान गं!" म्हणत, चहा पीत आणि जात. विकत घ्यायचं झालं तर मोठ्या बाजारातली मोठी दुकानं होतीच.

ते अठ्ठ्याऐंशी साल. संक्रांत झाली आणि आबांनी जेवताना आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मुदत घालून टाकली, "आखाजीपावत चालाड. नही चालनं ते आखाजीले आठे भाईदासनी गिरनी बसी."

भाईदास म्हणजे थोरला दीर. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती आणि तिच्यासाठी अख्ख्या घरात पुढची खोलीच त्याच्या डोळ्यांत भरली होती. द्रौपदाबाईने हातातली भाकरी ताटात ठेवली. त्या खोलीच्या दारावर कोणी टकटक केली की ती टकटक तिच्यासाठी असायची; उखर्डूच्या सुनेसाठी नाही, हिलालच्या बायकोसाठी नाही. ती खोली गेली तर आपण या घरात फक्त चुलीपुरत्या उरू, असं तिला वाटलं. त्याचा तिला रागही आला आणि त्या रागाने तिला बरंही वाटलं.

नवरा हिलाल एस. टी.त कंडक्टर. माणूस सरळ, पण बापासमोर तोंडातून शब्द निघायचा नाही. तरी त्याने एक काम केलं. कुठल्या गावाला कधी बाजार आणि कुठल्या बाजाराला बायका जास्त येतात, हे त्याला गाडीतल्या गर्दीवरून पाठ होतं. "घरात गिऱ्हाईक येत नाही ना? मग तूच गिऱ्हाइकाकडे जा," तो म्हणाला. "पण एकच बाजार धर. सगळीकडे पळशील तर कुठलीच होणार नाहीस."

एकच बाजार धरायचा, पण कुठला? तो पाहिल्याशिवाय कसा धरणार? म्हणून ती आधी साक्रीला गेली. डोंगराकडच्या बायकांनी मणी बोटांत फिरवून फिरवून पाहिले, त्यांना हवे ते दोन रंग तेवढे उचलले आणि बाकीच्या डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लोकर गेली तशी परत आली. मग धरणगाव. तिथे एक म्हातारी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हसली. "आम्हना घरमा छतलोंग कापूस शे, आनि हाई बाई आमले दोरा इकाले ऊनी!" घरात छतापर्यंत कापूस असलेल्या आजूबाजूच्या बायकाही हसल्या. द्रौपदाबाईही हसली, कारण दुसरं करणार काय? परतीच्या गाडीत मात्र तिने तोंड खिडकीकडे केलं ते धुळ्यापर्यंत.

उरलं चाळीसगाव. चैत्र लागला होता, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. त्या उन्हात ही बाई लोकर विकायला निघालेली! गाडीतल्या एका माणसाने गाठोडं चाचपून पाहिलं आणि "बाई, बरं वाटत नाही का?" असं खरोखरीच्या काळजीने विचारलं.

चाळीसगावात ती बांगडीवाल्यांच्या रांगेत बसली. बायकांचा माल बायकांच्या रांगेत, यात चुकण्यासारखं काय आहे? पण तिथल्या पोरी हुशार. घरातलं कोणी ना कोणी रेल्वेने नाशिक-कल्याणला जाणारं. "याच्यापेक्षा चांगली लोकर माझा भाऊ कल्याणहून आणतो," असं म्हणून त्या पुढे सरकायच्या. दुपार कलली तरी भोपळा फुटला नव्हता.

तेव्हा एक फेटेवाला शेतकरी घाईघाईने आला आणि लाल लोकरीच्या लडींवर बोट ठेवून म्हणाला, "हाई बठ्ठी दी दे."

द्रौपदाबाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सगळी? एवढी कोणाला लागते, भाऊ?"

"मोहनले."

"मुलगा का? स्वेटर करायचंय?" तिला एकदम हुरूप आला. "केवढा आहे? वय सांगा, मी माप सांगते."

"आते चार दाती व्हयना शे."

"अगं बाई, चारच दात आलेत? मग एवढी कशाला? एका लडीत आंगडं होईल आणि वर कानटोपी."

शेतकरी तिच्याकडे बघत राहिला. शेजारचा बांगडीवाला आधी खोकला, मग त्याने हसू दाबायला तोंडावर पंचा धरला आणि शेवटी दोन्ही हातांनी पोट धरून मागे कलंडला. "बाई, मोहन बैल शे! चार दाती बैल!"

रांगभर हशा पिकला. द्रौपदाबाईचे कान तापले. बैल तिने आयुष्यात रस्त्याच्या कडेने जाताना पाहिलेला तेवढाच. त्याचं वय दातांवर मोजतात हे तिला कोण सांगणार? पण लोकर तर विकली जात होती. लाजायचं नंतर, असं मनाशी ठरवून तिने विचारलं, "बैलाला लोकर कशाला?"

तो शेतकरी अभिमन नावाचा, भला माणूस होता. तो हसला नाही. त्याने उकिडवं बसून नीट सांगितलं. बैल विकणारा कधी दोर देत नाही आणि कपाळाचा गोंडाही देत नाही. दोन्ही सोडून घरी नेतो, नाहीतर बैलाबरोबर घरची लक्ष्मी जाते. म्हणजे घेणाऱ्याच्या पदरी पडतो तो उघड्या कपाळाचा बैल. मग घरी नेल्यावर घरधनीण आपल्या हाताने गोंडा करते आणि बांधते, तेव्हा तो बैल त्या घरचा झाला.

"तयार गोंडे नाही मिळत?"

"मियतस ना, पोतंभर. पन पहिला गोंडा बाईना हातनाच पाहिजे." अभिमनने लडी छातीशी धरल्या. "आते घरलोंग उघडं कपाय लिसन जानं पडी. जीव लागस नही, पन काय करो? बैलबजारमा बाई कोठून लयानी?"

तो गेला. द्रौपदाबाई तिथेच बसून राहिली. बैलबाजारात बाई कुठून आणायची, हे वाक्य काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. तिने गाठोडं बांधलं आणि गाडी धरायच्या आधी बैलबाजाराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. नवे धनी नव्या दोरांनी बैल ओढत बाहेर पडत होते. एकामागून एक, सगळी कपाळं उघडी.

रात्री तिने घरात सांगितलं, "मला बाजार सापडला." आणि कुठला ते सांगितल्यावर उखर्डूआबांचा हात ताटातच थांबला.

"बैलबजारमा? उखर्डूनी सून दलालस्ना मझार बसी? लोके काय सांगतीन?"

"लोकर विकते म्हणतील, आबा."

"तठे बाई बसस नही."

"म्हणूनच तर बसायचं."

हिलालने खाली मान घालून वरणात भाकरी कुस्करायला घेतली, जणू त्याच्या आयुष्यात तेवढंच काम शिल्लक होतं. आबा ताटावरून उठले. द्रौपदाबाईला भीती वाटलीच. पण मागे फिरावं असं एकदाही वाटलं नाही. पुढच्या बाजाराला पहाटे तिने गाठोडं उचललं तेव्हा हिलालने ते मुकाट्याने सायकलला बांधलं आणि स्टेशनपर्यंत नेऊन दिलं. त्याच्यापुरतं ते बंडच होतं.

बैलबाजारात दोरखंड विकणाऱ्या पुनाभाऊंनी तिला शेजारी जागा दिली, तीही नाइलाजाने. "बस, माय. पन मांगून रडानं नही," ते म्हणाले. धूळ, शेण, हाकारे, दलालांचे रुमालाखाली चाललेले बोटांचे सौदे, आणि त्या सगळ्यात लाल-पिवळ्या लोकरीपुढे बसलेली एक बाई. माणसं लांबून बघायची, दोन पावलं पुढे यायची आणि तिची नजर वर झाली की आपल्याला भलतंच काम आठवल्यासारखी वळायची. ऊन डोक्यावर आलं. पुनाभाऊंचे दोर भराभर जात होते, हिची एक लड हलली नव्हती.

समोरच एक जोडी विकली गेली. विकणाऱ्याने गोंडे सोडले, डोळ्यांना लावले आणि खिशात घातले. घेणारा नवखा, तरणा माणूस, उघड्या कपाळाच्या दोन बैलांकडे पाहत उभा. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं, अभिमनच्या तोंडावर होतं तेच. द्रौपदाबाईने ठरवलं, लोक येत नाहीत ना, मग आपण उठायचं. तिने लाल लोकर बोटांवर गुंडाळली, मधे आवळली, कात्रीने टोकं कापली, एक बिलोरी काच गुंफली आणि तयार गोंडा हातात घेऊन ती त्या माणसापुढे उभी राहिली. शिंगं इतक्या जवळून तिने कधी पाहिली नव्हती.

"भाऊ, पहिला गोंडा बाईच्या हातचा लागतो ना? बहीण समजा. मी बांधते."

आजूबाजूचे सौदे थांबले. तरणा माणूस पुनाभाऊंकडे बघू लागला, पुनाभाऊ आभाळाकडे. मग त्याने दोर आखडला, बैलाचं डोकं खाली ओढलं आणि हळूच म्हणाला, "बांध, बहिन. दोन्हीस्ले बांध."

तिने बांधले. बैलाचा गरम श्वास तिच्या मनगटावर आला आणि तिचं भय कुठल्या कुठे गेलं. जोडी फाटकाकडे निघाली तेव्हा ऊन त्या काचांवर पडलं होतं आणि अर्धा बाजार तिकडे बघत होता. त्यानंतर तिला पाणी प्यायलाही फुरसत मिळाली नाही. कोणी लोकर घरी नेली, कोणी तिथेच बांधून घेतलं. "आमनी बहिनपासून बांधी ले," असं पुनाभाऊच आता गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होते, जणू तिला आणायची कल्पना त्यांचीच.

बाजारामागून बाजार गेले. आखाजी तोंडावर आली. पेरणीआधी बैल घ्यायचे दिवस, बाजार फुललेला. घरात आबा तिच्याशी बोलत नव्हते. भाईदासने खोलीची लांबी-रुंदी मोजून खडूने फरशीवर गिरणीची जागा आखून ठेवली होती. रोज सकाळी केर काढताना ती त्या रेघा पुसायची आणि रोज संध्याकाळी तो पुन्हा आखायचा.

आखाजीआधीच्या शेवटच्या बाजारात ती मान खाली घालून गोंडे वळत होती. पलीकडून कोणीतरी बोललं, "आबा, तयार गोंडा नका ल्या. त्या लोकरवाली बहिनकडे जा. तिना हातना बांधा, बैल घर धरस." आणि त्यावर खोकल्याचा आवाज आला. तो खोकला ती ओळखत होती.

तिने वर पाहिलं. उखर्डूआबा. गावाकडच्या शेतासाठी बैल घ्यायला आले होते, घरात कोणालाही न सांगता. हातात नवा दोर, दोराला पांढराशुभ्र खिल्लारी, कपाळ उघडं. तयार गोंडेवाल्यांच्या रांगेतून ते आधीच एक चक्कर मारून आले होते हे त्यांच्या बंडीला चिकटलेल्या गोंड्यांच्या धाग्यांवरून दिसत होतं. रस्ता दाखवणाऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत, कोण कोणाचं कोण आहे ते.

द्रौपदाबाई झटकन उठली. एका हाताने पदर डोक्यावर ओढला. दुसऱ्या हातात गोंडा. पण एका हाताने गोंडा बांधता येत नाही आणि दोन्ही हात वर केले की पदर घसरतो. एकदा घसरला, तिने ओढला. पुन्हा घसरला. बैलाने डोकं झटकलं. गोळा झालेली माणसं बघत होती. आबांचे कान लाल झाले होते आणि तिचेही.

"ऱ्हाऊ दे तो पदर," आबा म्हणाले. आवाज घोगरा होता. "पहिले गोंडा बांध."

तिने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी गोंडा बांधला. गाठ पक्की मारली. मग वाकून आबांच्या पाया पडली, आणि आबांनी, काय करावं न सुचून, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. ती पुन्हा आपल्या जागेवर बसली, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

आबा बैल घेऊन फाटकाकडे निघाले. फाटकाशी त्यांच्या ओळखीचा कोणी भेटला. त्याने बैलाची शिंगं पाहिली, पाठ पाहिली आणि मग कपाळाकडे बोट करून विचारलं, "आबा, गोंडा झकास शे. कोठला?"

आबा थांबले. गर्दीतून, हाकाऱ्यांतून, इतक्या लांबून त्यांचा आवाज तिच्यापर्यंत आला, कारण आबांना हळू बोलताच येत नसे.

"आमना दुकानना."