खंडेनवमीचं तेल

काळी, तुकतुकीत, हातभर लांबीची ती प्लगची वायर मेकॅनिक कुंडलिकने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली होती, आणि विश्रामला वाटलं, किती छान दिसतेय — इतक्या वर्षांनीही एक भेग नाही, एक डाग नाही. टोकाची टोपी तेवढी जराशी फाकलेली. ठाकुर्लीतल्या त्या पत्र्याच्या गॅरेजात अकराचं ऊन उतरलं होतं आणि त्याची जुनी मारुती बॉनेट उघडून उभी होती, दाताच्या डॉक्टरपुढे आ करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"ही तर नव्यासारखी आहे," तो म्हणाला.

"दिसते नव्यासारखी," कुंडलिक वायर परत बसवत म्हणाला. "थांबा, दाखवतो."

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, उरलेल्या उजेडावर ताडपत्री सोडली आणि इंजिन चालू केलं. इंजिन नेहमीसारखं धडधडायला लागलं — दोन ठोके नीट, तिसरा गायब, पुन्हा दोन नीट. मग कुंडलिकने बाटलीतून चार थेंब पाणी शिंपडलं, आणि त्या अंधारात वायरीवरून निळसर रेघा सरपटायला लागल्या. चट् चट् आवाज करत त्या बाहेरच्या बाहेर इंजिनच्या लोखंडात जात होत्या. ज्या प्लगसाठी निघाल्या होत्या, त्याच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. विश्राम बघत राहिला. बावीस वर्षं ज्या गोष्टीवरून त्याने दर आठवड्याला फडकं फिरवलं, तिच्यात हे चाललं होतं.

ताडपत्री निघाली, इंजिन बंद झालं. कुंडलिक वायर उपटून बोटांत दाबून बघत होता.

"काका, हिला तेल कोण लावतं?"

कोण लावणार? मीच. दर खंडेनवमीला, दसऱ्याची पूजा करायची म्हणून, आधी रॉकेलच्या बोळ्याने आणि रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून पेट्रोलच्या, मग वरून खोबरेल, एकेक वायर काढून, पुसून, चकचकीत करून... सुहासिनी हसायची, म्हणायची, देवघरातली समई इतकी घासली असतीत तर पुण्य तरी लागलं असतं. बायकोला काय कळतंय गाडीतलं, असं मी म्हणायचो. आणि वल्लरी — आठ-नऊ वर्षांची वल्लरी शेजारी वाटी धरून उभी, खोबरेलाची, बोटांना तेल लागलेलं, सारखी विचारायची, बाबा, आता मी लावू?

"रबर फुगतं तेलाने," कुंडलिक सांगत होता. "आधीच इंजिनची गर्मी, रोजचे हादरे. तापायचं, थंड व्हायचं, परत तापायचं. त्यात तुमचं हे तेल. आणि काढताना टोपी धरून काढता की वायर धरून ओढता?"

"वायर धरून."

"हां. मग झालंच. आत तांब्याची तार नसते काका, कार्बनचा धागा असतो. ओढला की आतल्या आत तुटतो. वरून काहीच दिसत नाही."

"पण गाडी तर चालत होती."

"चालते ना. करंट तेवढी फट उडी मारून जातो. पण दर उडीला फट थोडी जळते, मोठी होते. एक दिवस उडी पोचत नाही." त्याने हात फडक्याला पुसले. "कधीपासून मिस मारत होती, ठोका चुकवत?"

"श्रावणापासून."

श्रावणापासून... हे त्याने इतक्या पटकन कसं सांगितलं? कारण तारीखसुद्धा सांगता आली असती. मंगळवार होता, संध्याकाळचे सात, सुहासिनी खाली मंगळागौरीला गेलेली. फोन वाजला तेव्हा तो टीव्हीचा आवाज कमी करायलासुद्धा उठला नव्हता. कोपरीहून वल्लरी, सासरहून, बाथरूममधून बोलत असावी, आवाज घुमत होता. बाबा, मला न्यायला येशील? आत्ता? बस्स, एवढंच. का, ते तिने सांगितलं नाही. मग त्याने विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग ते त्याला माहीत झालं असतं. तो म्हणाला, अगं, संसारात भांड्याला भांडं लागतंच. तो म्हणाला, गाडी मिस मारतेय गं दोन दिवस, मध्येच बंद पडली तर... उद्या बघतो, हं?

खोटं नव्हतं. गाडी खरंच मिस मारत होती! एवढ्या एका वाक्यावर विश्रामने दोन महिने काढले होते. कोपऱ्यावर रिक्षा होत्या, स्टेशन दहा मिनिटांवर होतं, पण गाडी मिस मारत होती हे खरं होतं. पलीकडे तिने नळ सोडला होता. मग म्हणाली होती, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन केला तर, नको आता, झालं सगळं ठीक. सुहासिनीला त्याने सांगितलं, वल्लरीचा फोन होता, सहज केलेला.

आणि तेव्हापासून दर रविवारी ती न चुकता फोन करते, हसते, आईला भाज्यांचे भाव सांगते. किती छान आवाज! त्याला बरं वाटायचं. बघ, रुळली पोर, असं तो सुहासिनीला म्हणालासुद्धा. आणि परवाच्या खंडेनवमीला वायरींना खोबरेल लावलं, जरा जास्तच.

नवा संच बसायला अर्धा तास लागला. कुंडलिकने चावी फिरवली आणि इंजिन लागलं — एकसारखं, गुळगुळीत, एकही ठोका न चुकवता. "आता कुठेपण जा काका, बिनधास्त," तो म्हणाला. विश्राम सीटवर बसला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याच्याजवळ सांगायला काही कारण उरलं नव्हतं. त्याला लाज वाटली, नागडं उभं राहिल्यासारखी.

गाडी गॅरेजबाहेर सावलीत घेऊन, इंजिन चालूच ठेवून, त्याने फोन लावला.

"हां बाबा, बोल."

"गाडी नीट झाली गं. आत्ताच."

"अरे वा! काय झालेलं?"

"वायरी गेल्या होत्या." त्याने काच खाली केली. "वल्लरी... येऊ का मग? न्यायला?"

मागे कुकरची शिट्टी झाली. ती काहीच बोलली नाही. किती वेळ — एक क्षण, दोन?

"कुठे न्यायला?" ती म्हणाली. स्वच्छ, मोकळा, हसरा आवाज. "आई बरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. उगाच उन्हात नको फिरूस. मी करते ना रविवारी फोन. चल, ठेवते."

फोन ठेवल्यावरही तो तसाच कानाला धरून बसला. तेच शब्द, तोच आवाज, ज्याने दोन महिने त्याला झोप लागत होती. पण मध्ये ती थांबली होती. मी ऐकलं. की ऐकू यावं असं मला वाटत होतं म्हणून ऐकलं? अजून कुठेतरी ती उडी मारायचा प्रयत्न करतेय, की ते पोचणं केव्हाच, मंगळवारीच, सात वाजून काही मिनिटांनी संपलं, आणि आता हा नुसता वरचा तुकतुकीतपणा — जो मीच तिला शिकवला, वाटी हातात देऊन?

त्याने बोटांकडे पाहिलं. जुन्या वायरी हाताळताना लागलेला खोबरेलाचा वास अजून येत होता. इंजिन अजिबात न चुकता चालत होतं, आणि ते ऐकवेना म्हणून त्याने काच वर केली. तरी ते ऐकू येतच होतं. कोपरीचा रस्ता डावीकडून, घर उजवीकडे. गियरवर हात ठेवून विश्राम बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं त्याला, की गाडी बंद पडावी.