रोज चार पावलं चालणारी लाल गाडी

मित्रांनो, आधी माझ्या मालकाबद्दल, म्हणजे गोरखबद्दल, एक गाऱ्हाणं तुमच्या कानावर घालते. हा माणूस मला फार जपतो. तुम्ही म्हणाल, यात गाऱ्हाणं कसलं? अहो, मऊ फडक्याने पुसतो, गोधडी पांघरवतो, माझ्या अंगावर कावळा बसला तर जेवणावरून उठतो. आणि एवढं जपून जपून त्याने मला जवळजवळ मारलं होतं!

मी एक जुनी लाल स्पोर्ट्‌स गाडी आहे. भाटघर धरणाजवळ गोरखच्या अंगणात राहते. माझं शिक्षण म्हणाल तर नंबरपाटीवर जेवढी अक्षरं आहेत तेवढंच. पण जग पाहिलंय. घरातला ट्रॅक्टर आणि मोटारसायकल माझ्यापुढे कालची पोरं. त्यांनी माझ्यासमोर आवाज चढवलेला मला खपत नाही.

माझा जन्म जपानातला. इतर गाड्यांच्या पोटात दट्टे वर-खाली, वर-खाली करतात, उखळात मुसळ चालावं तसे. माझ्या पोटात तसलं काही नाही. माझ्या पोटात फुगलेल्या समोशाच्या आकाराचे दोन लोखंडी त्रिकोण आहेत, आणि ते गोल गोल फिरतात. म्हणून माझं इंजिन एवढंसं आहे, पण धावायला लागलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते. तिला सील म्हणतात. ती भिंतीला घट्ट घासून फिरते, तेव्हा कुठे दाब धरतो. त्या सीलला ओलावा हवा, म्हणून मी थोडं थोडं ऑइल स्वतःच जाळते. तो माझा आजार नाही, आहार आहे. पण लोकांना कुठे कळतंय? "ऑइल पिते, म्हणजे गेली कामातून," असं म्हणणारे मला गावोगाव भेटले.

मला बोटीतून इकडे आणलं ते पुण्याच्या आनंदरावांनी. धरणाकाठी त्यांचं शेतघर होतं. तो माणूस मला ओळखून होता. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरलं की ऑइलची काडी काढून बघायचे. सकाळी गार असताना मला कधी पळवलं नाही, आणि गरम झाल्यावर कधी अडवलं नाही. कापूरहोळच्या हनीफ मिस्त्रींकडे मला न्यायचे आणि काम संपेपर्यंत शेजारी उभे राहायचे. भोरच्या एसटी स्टँडसमोर मी थांबले की कॉलेजची पोरं गोळा व्हायची. मी मुद्दाम तिकडे बघत नसे. बाईमाणसाने आपला मान आपण राखावा.

दोन वर्षांपूर्वी आनंदराव नाशिकला लेकीकडे राहायला गेले. शेतघर सांभाळणाऱ्या गोरखवर त्यांचा जीव, म्हणून जाताना किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "गोरख, हिला चालवत राहा," एवढंच म्हणाले. गोरखने ऐकलं. पण त्याने ऐकलं ते कसं, ते बघा. आधी आठवड्यातून एकदा हळूहळू धरणापर्यंत नेऊन आणायचा, तेवढ्यावर मी तग धरून होते.

यंदा भातकापणी झाली. गोरखची बायको शिवानी अंगणात भात वाळत घालू लागली. मी नेमकी अंगणाच्या मधोमध. मग गोरख रोज सकाळी मला चालू करी, चार पावलं पुढे गोठ्यापाशी नेई आणि लगेच बंद करी. संध्याकाळी म्हशी परत येत आणि माझ्या दाराला अंग घासत. म्हणून पुन्हा चालू, चार पावलं मागे, पुन्हा बंद. आपण गाडी रोज चालवतो, असं समाधान त्याच्या तोंडावर!

अरे, गार असताना मी जास्त पेट्रोल घेते. ते जळायच्या आतच हा किल्ली फिरवी. उरलेलं पेट्रोल माझ्या पोटातच राही. प्लग भिजले. भिंतींवरचं ऑइल धुऊन गेलं, कोरड्या सीलला दाब धरेना. बाराव्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता घरघरला आणि मी काही उठले नाही.

गोरखचा चुलतभाऊ पप्पू टेम्पो चालवतो. त्याने मला दोरी बांधून कापूरहोळला ओढत नेलं. सगळ्या हायवेसमोर! त्या दिवशीचा अपमान मी अजून विसरलेले नाही.

हनीफभाईंनी दाब मोजला. काटा हललाच नाही.

"सील गेले असणार," ते म्हणाले. "हितं मिळत न्हाईत. बाहेरून मागवायला महिने जातील."

"मग काय करू, हनीफभाई?"

पप्पूला तेवढंच पाहिजे होतं. "माझ्या जुन्या टेम्पोचं इंजिन पडलंय. ते बसव की. लई दणकट! हिचं दे भंगारात."

माझ्या अंगात टेम्पोचं इंजिन! मित्रांनो, मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर काच फुटली असती. गोरखने माझ्या टपावर हात ठेवला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "बसवा."

दोन दिवसांनी पप्पू ते इंजिन घेऊन आला. माझं इंजिन उचलून काढायला वर साखळी लटकली. शिवानीही आली होती. हनीफभाई पान्याने पहिला नट सैल करता करता सहज म्हणाले, "पर गोरख, आनंदराव असताना एवढी चालली. तू चालवत होतास का न्हाई?"

"रोज, भाई! एक दिवस खाडा न्हाई."

"सांगा की खरं," शिवानी म्हणाली. "सकाळी चार पावलं पुढं, सांजच्याला चार पावलं मागं. चालवत होते म्हणं!"

"तू गप बस गं."

"का गप बसू? ढकलूया म्हटलं, तर म्हणतात, रंगावर बोटं उठतील."

हनीफभाईंनी पाना खाली ठेवला. "किती येळ चालू ठिवायचास?"

"जागेवर गेली की बंद. पेट्रोल कशाला जाळायचं उगं?"

हनीफभाईंनी एक प्लग काढला, हुंगला आणि गोरखच्या नाकाशी धरला. "वास घे."

"पेट्रोल."

"म्या पण बिनडोक, आधी हे हुंगायचं सोडून काटा बघत बसलो. अरं, ही मेली न्हाई. हिला पेट्रोलात बुडवलीस तू!"

पप्पू म्हणाला, "मग माझं इंजिन उतरवू का नको?"

"आधी ती साखळी सोड," हनीफभाई म्हणाले, "मग तुझं बघू."

चारही प्लग निघाले. पेट्रोलचा पंप बंद ठेवून त्यांनी स्टार्टर मारला. पोटातलं पेट्रोल फुर्रकन बाहेर उडालं. मग भोकांतून चमचा चमचा ऑइल सोडलं, नवे प्लग बसवले, पप्पूच्या टेम्पोच्या बॅटरीला माझ्या तारा जोडल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्यांदा मी खोकले आणि पेटले! असा पांढरा धूर सोडला, की शेजारच्या ढाब्यावरची गिऱ्हाईकं भाकरी हातात घेऊन बाहेर पळाली. मला फार बरं वाटलं.

"बंद करू नको!" हनीफभाई ओरडले. "बस. वेल्ह्याच्या रस्त्याला घे. दाब टिकला तर वाचली. न्हाई टिकला तर पप्पूचं इंजिन हायच."

ते शेजारी बसले, शिवानी मागच्या चिमुकल्या जागेत पाय दुमडून बसली. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा मधे येईपर्यंत हनीफभाईंनी गोरखला हळूच चालवायला लावलं. पुढे रिकामा चढ लागला.

"दुसऱ्या गिअरवर ठेव. आता दाब."

"एवढं?"

"एवढ्यानं काय व्हतंय? दाब!"

मी चढ घेऊ लागले. इतक्या दिवसांची काजळी नळीतून सुटली. त्रिकोण गरगरले, सीलनी भिंत धरली. शेवटी, फिरण्याची हद्द गाठली की वाजते ती घंटी आत वाजली.

"भाई, ओरडतीय ती!"

"बास म्हणतीय. आता सोड. पुढच्या चढाला परत."

"परत, परत!" मागून शिवानी टाळ्या वाजवत म्हणाली.

वेल्ह्याला पोचलो तेव्हा माझा आवाज एकसारखा झाला होता. हनीफभाईंनी मला बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. गरम असतानाचीच खरी परीक्षा. मी पहिल्या झटक्यात उठले.

"सील जुने झालेत, हे खरं हाय," ते म्हणाले. "कधीतरी उघडावं लागंल. पर आज न्हाई. नीट वागवलीस तर लई दिस चालंल. मग, साखळी लावायची का परत?"

गोरखने फोन काढला. "पप्पू, तुझं इंजिन घरी घेऊन जा." आणि डोळे पुसायला त्याने माझंच फडकं घेतलं.

माणसांना माझी नुसती घरघर ऐकू येते, मला ठाऊक आहे. तरीही भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, मी मोठ्याने त्याला म्हणाले, "गोरख, तू मनाने वाईट नाहीस. पण मी शोभेची बाहुली नाही, काम करणारी बाई आहे. ऑइल बघ, पाणी बघ. गार असताना घाई करू नको, गरम असताना भिऊ नको. जपायचं तर आधी समोरच्याला काय लागतं ते विचार. आणि एवढं जमत नसेल तर किल्ली शिवानीला दे. तिला आठ दिवसांत गाडी चालवता येईल. तुला दोन वर्षांत नुसतं ऐकतासुद्धा आलं नाही!"