कडुबाला परत आणा

अख्ख्या आकाशगंगेत मराठवाड्याचा एकच माणूस होता, अन् मालिकावाल्यांनी नेमका त्यालाच खाली उतरवला. चिकलठाण्याच्या विश्वजीत वेल्डरचं खरं भांडण होतं ते एवढंच.

बाकी तक्रारी नव्हत्या असं नाही. 'ध्रुवापल्याड' ही मालिका सोळा वर्षं दर रविवारी सकाळी चालू होती. 'शलाका' नावाचं यान पृथ्वीवरून निघालं ते निघालंच. घरी यायचं नाव नाही, कारण ते घरी आलं तर मालिकावाल्यांची चूल कशी पेटणार? सोळा वर्षांत कॅप्टनचा चेहरा तीनदा बदलला. लोखंडी यंत्रमानव पुठ्ठ्याचा झाला. मागच्या श्रावणात तर यानात मंगळागौर झाली अन् परग्रहावरच्या हिरव्या बाईनं उखाणा घेतला. विश्वजीतनं हे सगळं गिळलं. कडुबा फिटर मात्र त्याच्या घशात अडकून बसला.

यानावरचे बाकी सगळे छापील बोलायचे. कडुबा एकटाच म्हणायचा, "लई तापलंय हो हे!" उड्डाणाआधी तो मागं वळून ओरडायचा, "दाबून बसा!" अन् टीव्हीपुढं बसलेली माणसं खरंच एकमेकांना चिकटून बसायची. आठ वर्षांपूर्वी, भाग चारशे बारामध्ये, कडुबा एका तांबड्या ग्रहावर मनोरा दुरुस्त करायला उतरला. कॅप्टन म्हणाला, "कडुबा, आम्ही लगेच परत येतो." यान गेलं. त्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. टाकीत त्याच्याकडं सहा तासांचा प्राणवायू होता.

विश्वजीतनं वाहिनीला एकतीस पत्रं लिहिली. चांगली कडक, शिव्यांना फक्त झाकण लावलेली. एकाचंही उत्तर आलं नाही.

"तू कडुबासाठी जळत नाहीस रे," चांदपाशा त्याला म्हणायचा. चांदपाशा गल्लीतल्या गणेश मंडळाचा लाइटवाला, पन्नाशीचा, वायर तोंडात धरून बोलायची सवय. "तू त्या गेटसाठी जळतोस."

ते खोटं नव्हतं. विश्वजीत ज्या कारखान्यात होता तो नऊ वर्षांपूर्वी परराज्यात गेला. साहेबानं गेटवर उभं राहून सांगितलं होतं, "तीन महिन्यांत सगळ्यांना बोलावून घेतो." विश्वजीतनं शेवटी स्वतःची पत्र्याची शेड टाकली. पण भांडायला साहेब सापडत नाही. मालिका दर रविवारी सापडते.

यंदा गणपतीच्या देखाव्याची बैठक बसली तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं. "मालिकावाले आणत नाहीत ना, तर आपण आणू. यान उतरेल, कॅप्टन बाहेर येईल, कडुबाला घेऊन जाईल. यान मी करतो."

मंडळाचा अध्यक्ष सत्यम हा अठ्ठावीस वर्षांचा अन् व्यवहारी गडी. "दादा, यान कराल हो तुम्ही. आवाजाचं काय? नकली आवाज लावला तर तुमच्याच फॅनग्रुपवाले चपला घेऊन येतील. गुरुवारपर्यंत खरा कडुबा बोलला पाहिजे. नायतर दरसालची गुहा."

खरा कडुबा कुठं होता हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. फॅनग्रुपवर त्याबद्दल नऊ मतं होती. कुणी म्हणे तो परदेशात गेला, कुणी म्हणे त्यानं दिग्दर्शकाला थोबाडीत मारली. ग्रुपवरच्या मोनिका मॅडम गंगापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या अन् मालिकेतल्या चुका वहीत टिपून ठेवायच्या. मंगळवारी त्यांचा मेसेज आला: "आज उशीर झाला म्हणून काळ्यापिवळ्या जीपनं आले. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, दाबून बसा. माझ्या अंगावर काटा आला. तोच आहे. नाव बन्सी."

बुधवारी विश्वजीत अन् चांदपाशा मोटारसायकलवर गंगापूरला थडकले.

बन्सी जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. केस पांढरे झालेले, गळ्यात रुमाल. "संभाजीनगर, संभाजीनगर, दोनच शीट!" आवाज ऐकला अन् विश्वजीत मोटारसायकल चांदपाशाच्या हाती देऊन पुढं झाला. आठ वर्षं त्यानं हा आवाज तांबड्या ग्रहावर कल्पिला होता.

"बन्सीभाऊ, तुम्हाला काढलं का हो?" त्यानं नमस्काराच्या आधीच विचारलं.

"काढलं कुठं? कापूस फुटला होता. वेचायला माणूस मिळंना. तीन दिवसांची सुट्टी मागितली. डायरेक्टर म्हणला, जा, तवर तुला ग्रहावर ठेवतो. चौथ्या दिवशी फोन केला तर म्हणले, यान लई लांब गेलं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

चांदपाशा बॉनेटवर हात आपटून हसायला लागला. "या खुदा! नऊ मतं अन् एक कपाशी!"

विश्वजीत हसला नाही. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. दीड पान संवाद होता, चार रात्री घासून लिहिलेला. बन्सीनं तो हात लांब करून वाचला, घडी घातली अन् परत दिला.

"हे मी नाय बोलणार."

"का?" विश्वजीतच्या डोळ्यांपुढं गुहा उभी राहिली, त्यातला दरसालचा कापडी नागसुद्धा.

"अहो, काय लिहिलंय हे? 'कॅप्टन, तुम्ही आलात, माझं भाग्य. माझं काही चुकलं असेल तर माफ करा.' सहा तासांच्या हवेवर आठ वर्षं काढलेला माणूस माफी मागतो व्हय?"

"तो कॅप्टन आहे ना," विश्वजीत पुटपुटला.

"विशूभाऊ," चांदपाशा हळूच म्हणाला, "एकतीस पत्रांत त्याच्या खानदानाचा उद्धार केलास. अन् तो समोर आला की हात जोडतोस?"

विश्वजीतनं कागद उघडून पुन्हा वाचला. आपण हे असंच लिहिलंय, हे त्यालाही आत्ताच कळत होतं. साहेब उद्या गेटवर आला असता तर तो हेच बोलला असता, कदाचित चहासुद्धा मागवला असता.

"आणा तो फोन," बन्सी म्हणाला. "एकदाच बोलतो. गाडी भरत आलीय."

त्यानं फोन तोंडाशी धरला. स्टँडवर कोंबडी विकणारा ओरडत होता, एसटीचा हॉर्न वाजत होता. बन्सी शांतपणे बोलला, कुणाला पत्ता सांगावा तसा.

"कॅप्टन, मी कुठं गेलो नव्हतो. यान तुम्ही नेलं. मी हितंच उभा होतो."

तेवढ्यात मागच्या सीटवरून सारजाबाई कडाडल्या. मांडीवर वांग्यांची पाटी, दर बुधवारच्या प्रवासी. "ओ ड्रायव्हर! निघायचं का हितंच मुक्काम टाकायचा?"

"आलो, आलो! दाबून बसा!" बन्सीनं फोन विश्वजीतच्या हातात कोंबला, उडी मारून स्टेअरिंगवर बसला अन् जीप धूळ उडवत गेलीसुद्धा.

गुरुवारी शेडमध्ये येऊन सत्यमनं रेकॉर्डिंग ऐकलं. "आवाज खराय दादा. पण ही वांगीवाली बाई काढा."

"तिला काढलं तर 'दाबून बसा' पण जातं," चांदपाशा म्हणाला. "तो त्या बाईलाच बोलतोय."

दोघं विश्वजीतकडं पाहायला लागले. त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मग उठला अन् अर्धवट झालेल्या देखाव्याच्या चेन-पुलीजवळ जाऊन कॅप्टनच्या पुतळ्याखालचे चार बोल्ट खोलायला बसला.

"अरे, काय करतोस?" चांदपाशा म्हणाला.

"रूळ फिरवतोय. मोटर उलटी चालंल का ते सांग."

गणपतीच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी गर्दी झाली. पत्र्याचं यान धुरातून घरघरत उतरलं. दार उघडलं, चकाचक कॅप्टन बाहेर आला. तांबड्या मुरुमावर उभा कडुबाचा पुतळा बन्सीच्या आवाजात बोलला, "यान तुम्ही नेलं. मी हितंच उभा होतो." माणसं एकमेकांकडं बघायला लागली. लोकांना असलं ऐकायची सवय नव्हती. देखाव्यात सगळे एकमेकांच्या पाया पडतात. मग रेकॉर्डिंगमधल्या सारजाबाई कडाडल्या, एकच हशा पिकला. तोवर कडुबा रुळावरून सरकत यानात शिरला, कॅप्टन जागच्या जागी राहिला. "दाबून बसा!" तीनशे माणसं एकदम ओरडली. दार बंद झालं अन् यान वर गेलं.

खाली कॅप्टन एकटा. त्याच्या पाठीवरच्या टाकीवर चांदपाशानं लाल दिव्यात लिहिलं होतं: सहा तास.

टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. गर्दीत मागं, खांद्यावर नातीला घेऊन, गळ्यात रुमाल बांधलेला एक माणूस उभा होता. विश्वजीतनं पाहिलं. बन्सीनं फक्त हात वर केला अन् गेला. त्याची शेवटची फेरी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीतच्या शेडपुढं चंपाबाई येऊन उभ्या राहिल्या. गल्लीतल्याच, सत्तरीच्या. सोळा वर्षं त्यांचा एकही भाग चुकला नव्हता, अन् कॅप्टन त्यांचा जीव की प्राण.

"मेल्या, काय केलंस हे? मला रातभर झोप नाय! त्याच्याकडं सहाच तासांची हवा! तू त्याला परत कधी आणणार?"

विश्वजीतनं वेल्डिंग बंद केलं. डोळ्यांवरचा चष्मा वर सारला. 'लगेच आणतो, मावशी' असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं, फडक्यानं स्टूल पुसलं अन् त्यांच्यापुढं सरकवलं.

"बसा मावशी," तो म्हणाला. "काय तक्रार आहे, सगळी सांगा."