माझ्या पोटातलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनी देवदारी पेटी आहे, आणि देवानं मला तोंड दिलं नाही याचा मला भयंकर राग आहे. तोंड असतं तर मी दोन शब्दांत एका माणसाची अब्रू वाचवली असती. त्याऐवजी कितीतरी वर्षं मी मूग गिळून बसले. काय काय ऐकावं लागलं मला, ते आता तुम्हीच ऐका.

माझा जन्म उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाच्या डोंगरातल्या थुब्बेना गावचा. तिथल्या एका सुतारानं मला खेचरांच्या वैद्यासाठी बनवलं. फळ्या जाड, कोपरे लोखंडी, झाकण असं की दोन माणसं बसली तरी कुरकुरणार नाही. वैद्य गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे, मिग्गिनकडे आले. मिग्गिन जोडे शिवायचा. माझ्या पोटात कातडी, आरी, रापी, मेण लावलेला दोरा आणि पायाचे लाकडी साचे असत. शिपायांच्या उंच बुटांचा एक साचा होता. तो कोपऱ्यात उभा राहिला की झाकण त्याच्या टोकाला जेमतेम टेकायचं.

मिग्गिन ख्रिस्ती होता आणि मंडळीचा वाचक होता. आमच्याकडे शुभवर्तमानाचं पुस्तक वाचकाच्या घरीच ठेवायची पद्धत होती. रविवारी तो ते कापडात गुंडाळून न्यायचा, मोठ्यानं वाचायचा आणि परत आणून माझ्यात कातड्यांखाली ठेवायचा. त्या पुस्तकाला माझ्या कातड्यांचा वास लागला होता. लोक हसायचे, "आज प्रभूचं वचन की नवे जोडे?" मिग्गिनही हसायचा. त्याची बायको दातिवा मात्र चिडायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून अर्धं पुस्तक तोंडपाठ होतं, आणि नवऱ्याची चूक झाली तर ती भर मंडळीत त्याला सांगायची.

मग रोमच्या सम्राटाचा हुकूम आला. ख्रिस्ती लोकांची प्रार्थनाघरं पाडा, पुस्तकं जाळा. जो पुस्तक देणार नाही त्याचे हाल.

हुकूम गावात पोचला त्याच सकाळी दातिवा पाणी आणायला गेली होती. मिग्गिननं दार लावून घेतलं. त्यानं मला रिकामं केलं, पुस्तक माझ्या तळाशी आडवं ठेवलं, त्यावर एक फळी बेतून बसवली आणि तिच्यावर कातडं चिकटवलं. वरून बघणाऱ्याला वाटावं, हाच तळ. ती फळी कुठली होती, ठाऊक आहे? दातिवा पाव भाजून गार करायला ज्या फळीवर ठेवायची, ती. घरात दुसरी फळीच नव्हती, बिचारा काय करणार.

दातिवा आली आणि तिनं सगळ्यात आधी तेच विचारलं.

"माझी पावाची फळी कुठंय?"

"मोडली," मिग्गिन म्हणाला.

"मोडली? ओकची फळी मोडली? काय केलंत तरी काय तिच्यावर, नाचलात?"

"दातिवा, फळी मोडली. आता पुरे."

त्यानं तिला खरं का सांगितलं नाही, हे मला समजत होतं. दातिवाला खोटं बोलता येत नसे. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं. तिला ठाऊक नसलं तर तिला कुणी पिळून काढलं तरी काही निघणार नव्हतं. पण मित्रांनो, या शहाणपणाचा मला पुढे इतका मनस्ताप झाला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी नगरप्रमुख आला, बरोबर एक कारकून आणि चार शिपाई. नगरप्रमुखाच्या पायात मिग्गिननंच शिवलेले जोडे होते. "मिग्गिन, उगाच त्रास देऊ नकोस आणि घेऊ नकोस," तो म्हणाला. "पुस्तक दे, आम्ही जातो." मिग्गिननं थोडे आढेवेढे घेतले आणि फडताळातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. ते त्याच्या बापाचं होतं. खेचरांच्या पोटदुखीवर, खुरांवर आणि खरजेवर काय औषध द्यायचं, ते त्यात होतं. पुस्तक ग्रीक भाषेत होतं आणि कारकुनाला ग्रीक येत नव्हतं. त्यानं यादीत लिहिलं, 'वाचक मिग्गिन, पुस्तक एक, मोठं, दिलं.' शिपायांनी माझं झाकण उघडलं, कातड्यांत हात घातला, नाक मुरडलं आणि झाकण आपटलं.

चौकात ते पुस्तक जाळलं. मंडळीतल्या बायका ऊर बडवून रडल्या. खेचरांच्या जुलाबाच्या औषधासाठी एवढं कुणी कधी रडलं नसेल. मला हसावं की रडावं कळेना.

पण त्या दिवसापासून मिग्गिन फितूर झाला. ज्यांनी आपल्याकडची इतर पुस्तकं दिली नाहीत त्यांच्यातले काही तुरुंगात गेले, दोघं तिथेच मेले. त्यांच्या घरच्यांनी आमच्या दारावर थुंकावं, हे मी समजू शकते. पण जे काहीच न करता घरात बसले होते, तेही थुंकायला आले. जोडे शिवायला कुणी येईना. मिग्गिनला बोलायची सोय नव्हती, झडत्या अजून चालूच होत्या. आणि दातिवा? तिनं त्याला टाकलं नाही, पण ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. पाव ताटात ठेवायची आणि तोंड फिरवायची. एकदाच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही शेवटपर्यंत टिकाल." तो खाली मान घालून दोरा ओवत राहिला. त्याचं कोपर माझ्या झाकणावर टेकलेलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याला ताप आला. दोन दिवसांत जीभ जड झाली. घर शेजाऱ्यांनी भरलेलं, त्यात कोण कुणाचा, काय भरवसा. मिग्गिननं दातिवाचा हात धरला आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "पेटी... जपून ठेव." बस. एवढंच. अरे माणसा, अजून एक शब्द बोलला असतास तर? 'तळ' म्हणाला असतास तरी चाललं असतं. दातिवा रडत शेजारच्या गुदुल्लाला म्हणाली, "मरतानासुद्धा यांना माझी नाही, हत्यारांची काळजी."

पुढे काळ पालटला. नवा सम्राट आला, नवा हुकूम आला. ख्रिस्ती लोकांनी उघडपणे प्रार्थना करावी, त्यांच्या जागा त्यांना परत द्याव्यात. काल आमच्या नावानं बोटं मोडणारे नगरातले बडे लोक आज आमच्या दारात हसत उभे राहू लागले. खांब असलेलं मोठं चर्च उभं राहिलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव वाटून खायच्या विधीच्या वेळी गेलेल्यांची नावं वाचायची आमची रीत. आता ती यादी नव्यानं करायचं ठरलं.

दातिवानं मला गुदुल्लाच्या भावाच्या गाडीवर घालून चर्चमध्ये आणलं. मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, इआदेर यादी करत होता. ती त्याला म्हणाली, "वडील, माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही. ही पेटी घ्या. तेवढं यांचं नाव यादीत घ्या. चुकले ते. पण वीस वर्षं वाचलंय त्यांनी तुमच्यासाठी."

इआदेर म्हणाला, "पेटी चांगली आहे." आणि माझ्यावर बसला.

हो, माझ्यावर. बसला, मांड ठोकून. नगराच्या दप्तरातून आणलेली जुनी यादी मांडीवर उलगडली आणि वाचलं, 'वाचक मिग्गिन, पुस्तक एक, मोठं, दिलं.' मग मान हलवून म्हणाला, "बाई, देवाचं वचन ज्यानं आगीत दिलं, त्याचं नाव देवाच्या मेजाजवळ कसं घ्यायचं? ते पुस्तक आज असतं, तर गोष्ट वेगळी होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते पुस्तक त्याच्या बुडाखालीच होतं! मी सगळा जोर लावला, तर एक फळी नुसती कर्रकन वाजली. इआदेर म्हणाला, "जुनी झालीय."

पेटी ठेवून घेतली, नाव घेतलं नाही. पुढे आठ वर्षं मी चर्चच्या बाजूच्या खोलीत पडून होते. माझ्यात दिव्यांच्या वाती, फाटके पडदे, केरसुण्या. दातिवा चर्च झाडायला यायची. रोज माझ्यावर फडकं मारायची. अगं बाई, आत हात घाल, वीत लावून बघ, मी मनात ओरडायचे. ती फडकं मारून निघून जायची. मला तिचा राग यायचा, मग मिग्गिनचा यायचा, मग स्वतःचा.

एका वर्षी ईस्टरच्या आधी साफसफाई निघाली. तेलाच्या उंच सुरया कुठं ठेवायच्या, असा प्रश्न आला. दातिवानं एक सुरई माझ्या बाहेरून उभी धरून पाहिली. झाकणाच्या आत सहज बसेल अशी होती. तिनं ती आत ठेवली. गळा चार बोटं वर आला.

तिनं सुरई काढली. पुन्हा बाहेरून लावली, पुन्हा आत ठेवली. मग ती मटकन खाली बसली. गुदुल्ला म्हणाली, "काय गं, चक्कर आली का?"

"हिच्यात बुटाचा साचा उभा राहायचा," दातिवा हळूच म्हणाली. "उभा. मी पाहिलाय."

तिनं सुरी घेतली आणि तळाचं कातडं फाडलं. खाली ओकची फळी होती. तिच्यावर तव्याच्या कडेचा अर्धगोल काळा डाग होता. त्या डागावरून तिचं आणि सासूचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. दातिवा त्या डागावरून बोट फिरवत राहिली. "नाचलात का म्हटलं होतं मी त्यांना," ती म्हणाली आणि तिनं सुरीचं टोक फळीखाली घातलं.

फळी उचलली. पुस्तक जसंच्या तसं होतं, कातड्यांच्या वासासकट.

चर्चमध्ये एकच गर्दी झाली. इआदेरनं पुस्तकाचं चुंबन घेतलं, खरोखर रडला. लोक गुडघे टेकू लागले. पुस्तकाला चांदीच्या कड्या बसवायचं तिथल्या तिथे ठरलं. दातिवा डोळे पुसून म्हणाली, "आता नाव वाचाल ना?"

इआदेर घुटमळला. "दातिवाबाई, पुस्तक आगीतून वाचलं ही देवाची कृपा. पण मिग्गिननं 'दिलं' असं लिहू दिलं ना? साक्ष द्यायची वेळ होती, तिथं त्यानं खोटं सांगितलं. फसवून सुटला. जे खरं बोलून मेले, त्यांच्या ओळीत त्याला कसं बसवू?"

"तुम्ही कुठं होता तेव्हा?" दातिवानं विचारलं.

"मी... मेव्हण्याच्या मळ्यावर. पळून जायला शास्त्राची मोकळीक आहे."

"बरंय," दातिवा म्हणाली. "पळालेल्याच्या हातात यादी, आणि पुस्तक राखलेल्याला तीत जागा नाही." मी कपाळावर हात मारला असता, पण कपाळ कुठलं आणि हात कुठला.

त्या रविवारी दातिवानं मला खोलीतून ओढत आणलं आणि बायकांच्या बाजूला मागे ठेवलं. इआदेरनं गेलेल्यांची नावं वाचली. शेवटचं नाव झालं आणि तो श्वास घ्यायला थांबला. तेवढ्यात दातिवानं माझ्या झाकणावर बोटाच्या सांध्यांनी तीनदा ठकठक केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मिग्गिन. वाचक."

मित्रांनो, जन्मभर मुकी होते मी. त्या दिवशी मला आवाज फुटला.

इआदेरनं डोळे वटारले. पुढच्या रविवारी पुन्हा ठकठक. तिसऱ्या रविवारी गुदुल्लानंही माझ्यावर हात ठेवला. यादीत नाव आजही नाही, पुस्तकावरच्या त्या चांदीच्या कड्यांखेरीज मिग्गिनच्या वाट्याला काही आलेलं नाही, आणि याचा राग मला मरेपर्यंत राहील. तुम्ही निदान एवढं करा. कुणाला फितूर म्हणण्याआधी, आपण ज्या पेटीवर बसलो आहोत ती एकदा उघडून बघा. लाकूड मुकं असतं, त्याची वाट बघू नका.

दातिवा आता खूप म्हातारी झाली आहे. मागच्या रविवारी तिनं ठकठक केलं, ओठ हलले, पण आवाजच निघाला नाही. मला वाटलं, संपलं. इआदेरनं पुढची प्रार्थना वाचायला तोंड उघडलं. आणि मागून, पुढून, पुरुषांच्या बाजूनंसुद्धा, सगळी मंडळी म्हणाली, "मिग्गिन. वाचक."

इआदेर थांबला. मग तो पुढचं वाचू लागला.