नानाजींच्या जागी कोण

नानाजींच्या बदलीचा हुकूम छप्पन सालच्या दिवाळीनंतर आला. त्यांना चांद्याला जायचं होतं. आलापल्लीच्या लाकूड डेपोत ते हेडक्लार्क होते, पण गावाला ते माहीत होते आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर म्हणून. नऊ वर्षं त्यांनी टीम सांभाळली होती. हुकूम कळल्याबरोबर मुखरूच्या चहाच्या टपरीवर एकच विषय सुरू झाला: आता कोण?

माझं नाव सगळ्यात पुढे होतं. मी, सोमाजी, डेपोतच कारकून. इंग्रजीत चिठ्ठी लिहिणारा क्लबात मी एकटा. कोणी विचारलं की मी "छे छे, मले कुठी वेळ" म्हणायचो आणि मनातून सुखावायचो. काही जण नव्या रेंजर साहेबांचं नाव घेत. ते नागपूरला कॉलेजात खेळले होते म्हणे.

एक दिवस मुखरू कपबश्या विसळता विसळता म्हणाला, "कय्यूमभाईचं नाव काऊन घेत नाई कोणी?"

सगळे हसले, मीही हसलो. कय्यूम सॉ मिलमध्ये करवतींना धार लावायचा. बारा वर्षं तो आमचा डाव्या बाजूचा बॅक होता, पण त्याला उर्दूशिवाय काही लिहिता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात नानाजींनी मैदानावर सांगून टाकलं, "इतवारी बल्लारपूरची टीम येऊन राह्यली. त्या मॅचची टीम कय्यूम ठरवन. मी नुसता पाहीन."

याचा अर्थ न कळण्याइतकं कोणी खुळं नव्हतं. दोन दिवस मी नानाजींशी धड बोललो नाही.

शनिवारी संध्याकाळी कय्यूमनं सगळ्यांना गोळा केलं आणि एकेक नाव घेतलं. नावं अकरा झाली, पण त्यात त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. डाव्या बॅकला त्यानं दसरूला ठेवलं होतं. दसरू डेपोत ओंडके चढवायचा. अजून एकही मोठी मॅच खेळला नव्हता.

मला राहवलं नाही. "कय्यूमभाई, तुमचं नाव राह्यलं."

"राह्यलं नाई, सोमाजीभाऊ. त्यायचा राइट-आउट, उजव्या कडेनं खेळणारा, लय जोरात पळते. मागच्या साली माह्या बाजूनं दोनदा निंगून गेला. दसरू त्याले गाठते. मी आता नाई गाठत."

"अन् उद्या हारलो तर? लोक काय म्हणतीन? तुमची मॅनेजरकी..."

"माह्या मॅनेजरकीसाठी टीममध्ये माह्यासारखा कच्चा माणूस ठेवू का?"

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मी खाली बघितलं. बारा वर्षांची जागा सोडताना त्याच्या आवाजात कुठे कुरकुर नव्हती.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत दसरू चुकला. राइट-आउटनं त्याला हूल दिली आणि गोल झाला. लोक ओरडू लागले, "कय्यूमभाई, तुम्ही उतरा!" आमच्याकडे मध्यंतरात खेळाडू बदलायची मुभा असे, त्यामुळे सगळ्यांचे डोळे मध्यंतराकडे लागले.

मध्यंतरात कय्यूम लिंबू-मिठाच्या पाण्याचा गिलास घेऊन सरळ दसरूजवळ जाऊन बसला. दसरूची मान वर होत नव्हती.

"मीच खेळन तुह्या जागी, असं वाटते का तुले?"

दसरूनं होकारार्थी मान हलवली.

"मी नाई खेळत. तू त्याच्या पायाकडं पाहून राह्यला. पाय फसवते. बॉलकडं पाह्य."

एवढंच बोलून तो उठला.

उत्तरार्धात त्या राइट-आउटला दसरूनं एकदाही पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी शेवटी त्यानंच अडवलेला बॉल आमच्या फॉरवर्ड जंगूकडे गेला आणि जंगूनं बरोबरी केली. आम्ही जिंकलो नाही, पण लोकांनी दसरूला खांद्यावर घेतलं. कय्यूम तेव्हा एका बाजूला गोलपोस्टच्या बल्ल्या उपटत होता.

संध्याकाळी डेपोच्या व्हरांड्यात बैठक झाली. नानाजींनी विचारलं, "बोला, कोण?" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंधरा दिवस मनाशी एक छोटं भाषण जुळवून ठेवलं होतं. उभा राहिलो आणि म्हणालो, "कय्यूमभाई. चिठ्ठ्या मी लिहीन."

नानाजींनी चष्मा काढून पुसला. दुसरं नाव कोणी घेतलंच नाही.

कय्यूम माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "सोमाजीभाऊ, चिठ्ठीत काय लिहिलं ते मले वाचून दाखवा लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्या घरी आला. पहिली चिठ्ठी बल्लारपूरच्या क्लबला लिहायची होती.

"काय लिहू?" मी दौत उघडत विचारलं.

"लिहा, तुमच्या राइट-आउटचा खेळ पाहून जीव खुश झाला. त्याले घेऊन पुन्हा या."

मी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं खाली उर्दूत सही केली.